एकवीस व्होल्टचा जावई

माझं बॅटरीवालं ड्रिल २१ व्होल्टचं, मेहुण्याचं १८चं. सासुरवाडीत आवाज चढवायला तीन व्होल्ट पुष्कळ होतात. त्यामुळे साताऱ्याहून सांगलीला निघताना मी कंदी पेढ्यांबरोबर ड्रिलही घेतो आणि विश्रामबागेत कुणी नुसतं भिंतीकडे बघितलं तरी विचारतो, "पाडायचं का भोक?"

या खेपेला पडद्याचा रॉड होता. मशीन गुरगुरलं, बिट विटेत शिरतंय तोच गप्प. बॅटरी काढून परत बसवली. ट्रिगर दाबला की एक झटका, पुन्हा गप्प. चार्जरला लावली तर लगेच हिरवा दिवा. म्हणजे बॅटरी फुल्ल, दोष सांगलीच्या विटेचा, असा निकाल मी देऊन टाकला. मेहुणा अदबीने म्हणाला, "दाजी, माझं आणू का?"

मी विषय बदलला. माझा लाडका विषय म्हणजे दक्षिण सातारा. १९४९ ते १९६० सांगली जिल्ह्याचं सरकारी नाव हेच होतं. तासगाव, विटा सगळं आमचंच. मेहुणा दर वेळी किर्लोस्करवाडी पुढे करतो. मी सांगतो, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली ती औंधच्या राजांनी, आणि औंध आज कुठल्या जिल्ह्यात येतं? एरवी इथे चहा येतो आणि मी जिंकतो. या वेळी मेहुणा म्हणाला, "दाजी, लक्ष्मणरावांना रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांकडे वळले. हिरव्या दिव्यावर ते विसंबले नसते."

बॅटरी घेऊन दुकान गाठलं, तर दुकानदाराने ती हातातसुद्धा घेतली नाही. "हे मॉडेल बंद झालं, नवीन मशीन घ्या." याचा मात्र मला मनापासून राग येतो. मोटर धडधाकट, गिअर शाबूत, आणि एका डबीपायी सगळं भंगारात!

शेवटी एका बोळातल्या कारागिराने पॅक उघडला. आत पाच सेल. त्याने मीटरची टोकं एकेकाला लावली: चार सेल चारच्या वर, पाचवा जेमतेम अडीच. चार्जिंगला चौघांचं पोट भरलं की आतलं सर्किट करंट तोडतं, म्हणून दिवा हिरवा. आणि लोड आला की पाचवा बसतो, तेच सर्किट पुन्हा तोडतं, म्हणून मशीन गप्प. रिकाम्या वेळी छाती काढणारा आणि काम पडलं की मान टाकणारा तो सेल अगदी जावयासारखा होता. एकटा बदलून भागत नाही, नव्या-जुन्याचं जमत नाही. पाचही एका जातीचे टाकून त्याने स्पॉट वेल्डिंग केलं.

"आणि साहेब, २१ म्हणजे १८च. सेल फुल्ल असताना ४.२ दाखवतो, म्हणून पाचांचे २१ छापतात. एरवी ३.६ धरतात, म्हणून १८."

घरी आलो तर रॉड लागलेला. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या जावईबापूंनी लावला." मेहुणा शिडी उचलून मुकाट्याने आत गेला. मला काही बोलता येईना.

तेव्हा अनुभवावरून सांगतो, बॅटरी रिकामी करून माळ्यावर टाकू नका, निम्मी भरून ठेवा. आणि खरेदीला जाल तेव्हा व्होल्ट नंतर वाचा, आधी अँपिअर-अवर वाचा. माझ्या पॅकवर दीड आहे. मेहुण्याच्या पॅकवर चार.