व्हरांडेकाका

रविवारच्या सातच्या मिस्सेला काका पावणेसातलाच चर्चमध्ये शिरतात. पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करतात, बाकांवरून एक नजर फिरवतात आणि सात वाजता बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून उभे असतात. आत जागा नसते असं नाही. जागा भरपूर असते. काकांना ती नको असते.

सांडोर असो की नंदाखाल, पापडी असो की आगाशी, वसईच्या प्रत्येक धर्मग्रामात असे एक काका आहेतच. काकांच्या वडिलांना निदान सबब होती. मिस्सा लॅटिनमध्ये होती, आत बसले काय नि बाहेर उभे राहिले काय, कळायचं तेवढंच कळायचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली आणि सबब गेली. खांब मात्र वारशाने काकांकडे आला.

व्हरांड्यातली मिस्सा आतल्या मिस्सेला समांतर चालते. आत पहिलं वाचन, तेव्हा बाहेर केळीचा भाव. आत स्तोत्र, बाहेर पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक. शुभवर्तमानाला आतले उभे राहतात. बाहेरचे उभेच असतात, ते फक्त हाताची घडी सोडतात. प्रवचन सुरू झालं की कुणाची जमीन बिल्डरला गेली हा विषय निघतो, आणि तो प्रवचनापेक्षा लांबतो. कम्युनियनच्या घंटेला काका गंभीर होतात, रांगेत लागतात, ख्रिस्तशरीर घेतात आणि त्याच रांगेने पुन्हा खांबाशी येतात.

लक्ष उडणं हा काही काकांचा शोध नव्हे. आविलाच्या संत तेरेझेनं सोळाव्या शतकात स्वतःबद्दल लिहून ठेवलंय, की कित्येकदा तिला प्रार्थनेत रमण्यापेक्षा प्रार्थनेचा तास संपण्याचीच ओढ असे. १९७० मध्ये पोपनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरवलं. हे कुणीतरी सांगितल्यापासून काका स्वतःच्या भवितव्याबद्दल निर्धास्त आहेत.

तरी संकल्प करण्यात ते कमी पडत नाहीत. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, की ‘यंदा उपवासकाळभर आत बसणार’ असं काकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात. त्या दिवशी खरोखरच तिसऱ्या बाकावर बसतात. मग पहिला रविवार उजाडतो आणि काका गणिताकडे वळतात. उपवासकाळ ४० दिवसांचा. पण राखेच्या बुधवारपासून पास्काच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा, भरतात ४६. का? कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. म्हणजे रविवारी संकल्पालाही सुट्टी. एरवी काका चर्चला येतात रविवारीच. त्यामुळे आत बसण्याचं व्रत ते सोमवार ते शनिवार, चर्चपासून दोन किलोमीटरवर, अत्यंत काटेकोरपणे पाळतात.

उपवासाचा नियम १८ ते ५९ वयाला लागू. काका त्यातून वयाने सुटले आहेत. मांस वर्ज्य करायच्या दिवसांना मात्र वरची वयोमर्यादा नाही, हे कळलं तेव्हा ते आठवडाभर फादरांशी तुटक बोलत होते. पण पापलेट मांसात मोडत नाही, यावर पुढे समेट झाला. भर उन्हाळ्यात त्या पापलेटाला काय भाव पडतो ते पाहता, तो त्यागच आहे असं काका म्हणतात. हिशेबाने बरोबरच आहे म्हणा.

२०२४ चा झावळ्यांचा रविवार, २४ मार्च, हा काकांच्या कसोटीचा कळस. त्याच रात्री होळी, आणि संध्याकाळी मुंबई इंडियन्सचा हंगामातला पहिला सामना, गुजरातशी, हार्दिकच्या कप्तानपदाखाली. आत मार्कच्या शुभवर्तमानातली दुःखसहनाची कथा वाचली जात होती. यहूदाने गुरूला पकडून दिलं. बाहेर रोहितचं कप्तानपद कसं गेलं याची कथा चालली होती. एका हातात झावळी, दुसऱ्यात मोबाइल. दोन्ही कथा ऐन रंगात आल्या असताना काका हुंदका यावा तशा आवाजात म्हणाले, ‘आपल्याच माणसांनी केलं!’ आतल्या शेवटच्या बाकावरच्या म्हातारीने वळून पाहिलं आणि भक्तिभावाने मान हलवली. त्या रात्री मुंबई ६ धावांनी हरली.

पेन्टेकॉस्ट उलटला की फादरांचा झगा हिरवा होतो, वसईही थोड्याच दिवसांत हिरवी होते. हा सामान्यकाळ, वर्षातला सगळ्यात लांब. पावसात व्हरांडा ओला होतो, त्यामुळे आत जायला उत्तम निमित्त मिळतं. काका जात नाहीत. सगळ्यांच्या छत्र्या सांभाळायला कुणी नको का? कुठली छत्री कुणाची, कोण आज आलं नाही, कुणाच्या घरात गुडघाभर पाणी शिरलंय, हे त्यांना पाठ असतं. मिस्सेनंतर फादरांना ही यादीही तेच देतात, आणि फादर ती लिहून घेतात.

नव्या फादरांनी उपाय केले नाहीत असं नाही. व्हरांड्यात स्पीकर लावला; काका आंब्याखाली गेले. आंब्याखाली खुर्च्या टाकल्या. काका दुचाकींकडे सरकले. २०२० मध्ये चर्च बंद झाली आणि मिस्सा घरच्या टीव्हीवर आली, तेव्हा काकी हॉलमध्ये गुडघे टेकून, आणि काका ओटीवर, खिडकीच्या गजांतून आत पाहत. नोव्हेंबरात चर्च उघडली तेव्हा खांबाला हात लावून त्यांनी क्रुसाची खूण केली, असं पाहणारे सांगतात.

यंदा उपवासकाळात फादर स्वतः घरी आले. काका तयारीत होते.

‘फादर, देवळात मागे लांब उभा राहिला तो जकातदार. नीतिमान ठरून घरी कोण गेला?’

‘जकातदार,’ फादर म्हणाले.

‘पौलाचं प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख पेंगून तिसऱ्या मजल्यावरून पडला. त्याचं नाव बायबलात आलं. समोर बसून ऐकणाऱ्यांची नावं सांगा बरं.’

फादरांना सांगता येईनात.

‘आणि जक्कय? तो तर उंबरावर होता.’

‘हे सगळं तुम्ही ऐकलंत कधी, काका?’

काका जरा गडबडले. ‘कानावर पडतं.’

‘मग पुढचंही पडलं असेल. जक्कय खाली उतरला.’

‘उतरला. पण प्रभूने आधी सांगितलं, आज मी तुझ्या घरी उतरणार म्हणून.’

‘ठीक. येत्या रविवारी मी तुमच्याकडे जेवायला येतो.’

काकांनी बोटांवर हिशेब केला. ‘या की! रविवार उपवासात धरत नाहीत. मटण करायला सांगतो.’

‘करते,’ काकी आतून म्हणाल्या. ‘फादरांचं पान आत मांडते. तुमचं ओटीवर ना?’