हातभर दुखणं

नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीतला हा भाऊ दवाखान्यात शिरला की बाकावरचे पेशंट जरा सरकून बसतात. त्याच्या बसण्याला जागा थोडी पुरते, सांगण्याला फार लागते.

"काय होऊन राह्यलं भाऊ?" डॉक्टरसाहेब विचारतात.

"काही नाही जी. हे असं इथून निघते," तळहात बेंबीवर. "असं फिरते," हवेत चक्की. "आन् मंग असं!"

हे शेवटचं 'असं' दोन्ही हातांनी थेट छताकडे जातं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. निदानाला लागणारा एकही शब्द अजून आलेला नसतो.

इतवारीत धंदा हातात उतरतो आणि तिथूनच आजारात जातो. सराफा ओळीतला माणूस कळ चिमटीत धरून दाखवतो. डॉक्टर हात लावायला गेले की चिमूट मागे घेतो. गांधीबागेतला कापडवाला पाठदुखी हात ताणून मोजतो. भांडे ओळीतला डोकेदुखी समजावताना टेबलावर ठोकतो, "असं! असं! असं!", आणि बाहेर बसलेल्यांचंही डोकं दुखायला लागतं. आमच्या भाऊला एका तरुण डॉक्टरने विचारलं, दहापैकी दुखणं किती? त्याने वीत दाखवली. मग समोरच्याचा चेहरा बघून दोन बोटं कमी केली.

बायको सोबत असली तर वेगळीच पंचाईत. "ह्यायचं काही ऐकू नका जी. घरी इथं म्हणत होते," असं म्हणत ती स्वतःच्या बरगडीवर हात ठेवते. भाऊ तो हात नीट बघतो आणि म्हणतो, "हाव, तिथंच."

जुने डॉक्टर मात्र हसत नाहीत, आणि माझ्या मते तेच शहाणे. तोंड घरून ठरवून आलेलं असतं, हात नसतो. तळहात पोटापासून गळ्यापर्यंत वरखाली फिरला की ते रात्रीच्या सावजी रश्श्याची चौकशी करतात. कमरेमागून निघालेला हात जांघेकडे उतरला की मुतखड्याची शंका घेतात. छातीवर दाबलेल्या मुठीला तर वैद्यकात नावच आहे, लेव्हाइनची खूण. हे लेव्हाइन बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ. 2007 मध्ये अमेरिकेत छातीदुखीच्या पेशंटांचे हातवारे तपासले, तेव्हा नुसत्या मुठीवर भिस्त ठेवता येत नाही असं दिसलं. मात्र एका बोटाने नेमकी जागा दाखवणाऱ्याचं दुखणं बहुधा हृदयाचं नसतं. तरीही एरवी कॅलेंडर हलवणारा भाऊ छातीवर मूठ ठेवून गप्प बसला, तर डॉक्टर पुढचा प्रश्न विचारत नाहीत. मेयो रुग्णालयात न्यायला ऑटो बोलावतात.

मार्च 2020 मध्ये दूरवैद्यकाचे सरकारी नियम आले आणि भाऊचं दुखणं फोनवर गेलं.

"कुठं दुखते?"

"हे इथं!"

"इथं म्हणजे?"

"अहो, हे काय, इथं!"

व्हिडिओ कॉल लावला, तर एक हात फोन धरण्यात अडकला आणि निम्मंच दुखणं सांगून झालं. शेवटी त्याने फोन बायकोकडे दिला. दोन्ही हात मोकळे झाले, भाऊ रंगात आला. पण चूक दुरुस्त केल्याशिवाय तिलाही राहवेना. "तिथं नाही जी, इथं," ती फोनसकट हात फिरवून सांगू लागली, आणि डॉक्टरांना दिसत राहिलं: पंखा, फरशी, पंखा, भाऊचा कान, पुन्हा पंखा.