अडीच टॉगची ऊब

इंग्लंडच्या हिवाळ्यात तान्ह्या बाळासाठी लोकरीची स्लीपिंग बॅग निवडणे हे वरकरणी बाजारहाटाच्या सदरात मोडणारे काम असले, तरी प्रत्यक्षात ते पदार्थविज्ञान, वस्त्रविज्ञान, बालआरोग्य आणि सासू-जावई संबंध या चार शाखांच्या शिवेवर वसलेले आहे. आणि यांपैकी पहिल्या तीन शाखांत विपुल लेखन झाले असताना चौथीकडे अभ्यासकांनी, बहुधा घरात शांतता नांदावी म्हणून, पाठ फिरवलेली दिसते. येथे अभिप्रेत असलेली स्लीपिंग बॅग म्हणजे बिनबाह्यांचा, खांद्यांवर टिचबटणांनी आणि पुढून चेनने बंद होणारा, पायांकडे पूर्ण शिवून टाकलेला असा सैल झगा, ज्यातून बाळाचे डोके व हात बाहेर राहतात आणि पाय आतल्या आत मनसोक्त झाडता येतात. अमेरिकेत हिलाच स्लीप सॅक म्हणतात. गिर्यारोहकांची स्लीपिंग बॅग निराळी, कारण तिच्यात माणूस स्वखुशीने शिरतो.

ही पिशवी ब्रिटनमध्ये घरोघरी पोचली त्यामागे एक गंभीर कारण आहे. बाळाला पालथे झोपवणे, सुटे पांघरूण त्याच्या तोंडावर येणे आणि त्याचे अंग फाजील तापणे यांचा झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंशी संबंध असल्याचे संशोधनातून पुढे आले, १९९१ साली बाळांना उताणे झोपवण्याची देशव्यापी मोहीम तेथे निघाली आणि त्यानंतर अशा मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. तेव्हापासून पाळण्यात उशी नको, रजई नको, लोड नको, कापडी ससा तर मुळीच नको, असा दंडक पडला. १९७१ पासून या विषयावर काम करणारी ललाबाय ट्रस्ट ही संस्था बाळाच्या खोलीचे तापमान १६ ते २० अंश सेल्सिअस असावे असे सांगते. आता १८ अंशांच्या खोलीत पांघरूण न घालता बाळाला ऊब द्यायची, तर पांघरूणच त्याच्या अंगावर चढवून चेन लावून टाकणे एवढा एकच सरळ मार्ग उरतो, आणि पिशवी हा तो मार्ग होय.

या सुव्यवस्थित रचनेत मराठी घरापुरता एक नवा घटक विमानाने येतो. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आजीच्या सामानात वेखंड, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, डझनभर टोपडी आणि बाळंतविड्यातली जरीकाठाची कुंची एवढा ऐवज असतो, आणि त्यातून एक संपूर्ण उष्णताशास्त्र प्रकट होते. कुंची, म्हणजे डोक्यावरून घालून पाठीवर सोडलेले झालरीचे वस्त्र, बाळाचे डोके व कान घट्ट झाकते आणि पाय उघडे सोडते. इंग्लिश पिशवी पाय बंदिस्त करते आणि डोके उघडे सोडते. दोन संस्कृतींनी एकाच बाळाची दोन विरुद्ध टोके संरक्षणासाठी निवडावीत, ही गोष्ट मानववंशशास्त्राच्या नजरेतून सुटायला नको होती. आजीच्या पक्षाचे म्हणणे असे की, वारा मनुष्यदेहात मुख्यत्वे कानावाटे शिरतो. बाळाला तपासणाऱ्या इंग्लिश नर्सच्या पक्षाचे म्हणणे असे की, बाळाचे डोके हे त्याच्या देहाच्या मानाने मोठे असून नको असलेली उष्णता ते तेथूनच बाहेर टाकते, म्हणून घरात झोपताना टोपी घालूच नये. या वादात प्रस्तुत लेखकाचा कौल नर्सच्या बाजूने आहे. परंतु तो आजीच्या समोर बसून देण्याची त्याची तयारी नाही.

(धुरीच्या बाबतीत मात्र निकाल यंत्रानेच लावून टाकला आहे. न्हाऊ घातलेल्या बाळाला ओवा-वेखंडाचा धूर देण्याचा प्रयोग इंग्लंडमधील फ्लॅटमध्ये केल्यास छतावरचा धूरसूचक भोंगा वाजू लागतो आणि दारात प्रथम शेजारी येतो. आजी त्यालाही बसा म्हणतात.)

पिशवीच्या पाकिटावर सर्वांत ठळक छापलेला शब्द म्हणजे टॉग. टॉग हे कापडाच्या उष्णतारोधाचे माप असून, कापडाच्या दोन बाजूंच्या तापमानांत एक दशांश अंशाचा फरक असताना त्याच्या एका चौरस मीटरमधून एक वॉट एवढी उष्णता निसटत असेल, तर त्या कापडाचा रोध एक टॉग धरतात. हे माप १९४०च्या दशकात मँचेस्टरमधील डिड्सबरी येथल्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये ठरले. ही संस्था मुळात ब्रिटिश सुती कापड उद्योगाच्या संशोधनासाठी उभारलेली, आणि तिच्या वास्तूसाठी मोठी देणगी देणारे खासदार विल्यम ग्रीनवूड यांच्या इच्छेवरून तिला त्यांच्या मुलीचे, शर्लीचे, नाव मिळालेले. तेव्हा कापसाच्या घरात आणि एका लेकीच्या नावाखाली जन्मलेले हे माप आज दुसऱ्यांच्या लेकींच्या लोकरीची परीक्षा घेत आहे. चाचणीची पद्धत निर्दोष आहे. एक तापवलेली तबकडी, तिच्यावर कापड, आणि दोन्ही बाजूंच्या तापमानांची नोंद. फक्त चाचणीतले कापड कोरडे, सपाट आणि निश्चल असते, आणि बाळ यांपैकी काहीच नसते. शिवाय नवजात बाळाच्या कातडीचे एकूण क्षेत्रफळ जेमतेम पाव चौरस मीटर भरत असल्याने, दुकानात उभे राहून या व्याख्येचा हिशेब करू पाहणाऱ्या इंजिनिअर बापाची जी अवस्था होते तिचे वर्णन न केलेले बरे.

व्यवहारात मात्र प्रकरण सोपे आहे. खोली २४ अंशांच्या वर असेल तर अर्धा टॉग, २० ते २४ असेल तर एक, १६ ते २० असेल तर अडीच, आणि त्याहून गार असेल तर साडेतीन, असे साधारण कोष्टक विक्रेते देतात. या कोष्टकात बाहेरच्या हवेचा रकानाच नाही, आणि नेमका तोच आजीला हवा असतो. "अगं, बाहेर बर्फ पडतोय, आणि लेकरू एका पिशवीत?" या प्रश्नावर "आई, ते बाहेर झोपत नाही ना" हे उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड असूनही ते कोणत्याही घरात एका फेरीत मान्य झालेले ऐकिवात नाही. बर्फ खिडकीत दिसतो. खोलीतले १९ अंश भिंतीवरच्या इवल्याशा आकड्यात असतात आणि आकड्याला चष्मा लागतो. त्यामुळे जास्त टॉग म्हणजे जास्त माया असे एक समीकरण आपोआप मांडले जाते, आणि टॉगची बेरीज होते ही गोष्ट दृष्टीआड राहते. अडीच टॉगच्या पिशवीखाली बाहीचे झबले, वर स्वेटर, त्यावर दुपटे आणि "जराशी" म्हणून पायांवर घातलेली गोधडी, यांतला प्रत्येक थर हिशेबात भर घालत असतो. गोधडीवर टॉग छापलेला नसतो, एवढेच तिचे निरुपद्रवीपण.

बाळाला थंडी वाजते आहे की नाही हे ठरवण्याची जी कसोटी मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती पायांची. तळवे गार लागले की मोजे चढतात, मोज्यांवर मोजे चढतात आणि तरीही तळवे गारच लागले तर दोष मोज्यांच्या लोकरीला दिला जातो. वास्तविक तान्ह्या बाळाचे हातपाय थोडे गार असणे हे नेहमीचेच, कारण त्याचे रक्ताभिसरण अजून घडत असते आणि देह आपली ऊब आधी गाभ्याकडे राखून ठेवतो. खरी कसोटी मानेची आहे. बाळाच्या मानेमागे, झबल्याच्या काठाच्या आत दोन बोटे सरकवावीत; तेथे कातडी उबदार आणि कोरडी लागली तर सर्व ठीक, आणि घामाने चिकट किंवा तापलेली लागली तर एक थर उतरवावा. हा प्रयोग अर्ध्या मिनिटाचा असून त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. हातपाय तपासणाऱ्या आजीला मानेकडे वळवणे हे मात्र अर्ध्या मिनिटाचे काम नव्हे.

आता लोकरीविषयी. बाळांच्या पिशव्यांना वापरतात ती लोकर मेरिनो जातीच्या मेंढ्यांची. या मेंढ्या मूळच्या स्पेनच्या, एकेकाळी त्या देशाबाहेर नेणे हा तेथे गंभीर गुन्हा होता, आणि १७९७ साली त्यांतल्या काही ऑस्ट्रेलियात पोचल्यानंतर पुढे त्या खंडाचे अर्थकारणच त्यांच्या पाठीवर चालले. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. उत्तम मेरिनोचा तंतू २० मायक्रॉनहून बारीक असतो आणि ३० च्या पुढचे तंतू कातडीला टोचू लागतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर या मर्यादेच्या बरीच पलीकडची आहे. तिच्या घोंगडीने धनगराला पाऊस, थंडी आणि रानातली रात्र यांपासून राखले ही कर्तबगारी निर्विवाद असली, तरी तीच घोंगडी तीन महिन्यांच्या बाळाला गुंडाळल्यास ते आपले मत तात्काळ आणि मोठ्याने नोंदवील. मेरिनोचा खरा गुण बारीकपणाच्याही पुढचा आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश एवढी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे बाळाला घाम आला तरी त्याच्या कातडीलगतची हवा दमट राहत नाही आणि पहाटे खोली गार पडल्यावर ओल्या कापडाचा गारठाही त्याला बसत नाही. कोरड्या तबकडीवरच्या टॉगला हा गुण दिसत नाही, म्हणूनच मेरिनोचे काही उत्पादक टॉगऐवजी तापमानांचा मोठा पट्टा छापतात आणि एकच पिशवी बाराही महिने चालेल असे सांगतात. यात तथ्य आहे. विक्रीकलाही आहे.

मापाच्या बाबतीत मराठी मनाची कसोटी लागते. "वाढत्या अंगाचे घ्या" हे आपल्या कापडखरेदीचे आद्य सूत्र असून, पहिलीतला गणवेश चौथीपर्यंत पुरवण्याची परंपरा ज्या समाजाने निष्ठेने जपली, त्याला सहा महिन्यांपर्यंतची आणि सहा ते अठरा महिन्यांची अशा दोन पिशव्या समोर दिसताच हात आपसूक दुसरीकडे जातो. येथे मात्र हे सूत्र सपशेल निषिद्ध आहे. गळा मोठा असेल तर झोपेत बाळ खाली सरकून त्याचे डोके पिशवीच्या आत जाऊ शकते, आणि जिच्यासाठी रजई हद्दपार केली तीच आपत्ती चेन लावून घरात घेतल्यासारखे होते. याच कारणाने ब्रिटनने २००९ साली या पिशव्यांसाठी बीएस ८५१० हे मानक केले आणि २०१८ मध्ये युरोपचे ईएन १६७८१ आले; दोहोंत गळ्याच्या आणि हातांसाठीच्या भोकांच्या घेराला महत्त्वाचे स्थान आहे. तेव्हा पाकिटावर वयापेक्षा वजन पाहावे, आणि चेन लावल्यावर गळ्यातून डोके आत जात नाही ना हे पाहावे. लांबी सैल असली तर चालते; पायांना सायकल चालवायला तेवढी जागा लागतेच.

चेनचा प्रश्न दिवसा क्षुल्लक वाटतो. रात्री तीन वाजता, दिवा न लावता, लंगोट बदलताना कळते की वरून खाली उघडणारी चेन बाळाची छाती उघडी पाडून त्याला पूर्ण जागे करते, तर खालून वर उघडणारी चेन फक्त पायांपुरते काम उरकू देते आणि सर्वांना पुन्हा झोपण्याची निदान आशा ठेवते. दोन्ही बाजूंनी सरकणारी चेन असेल तर सर्वांत उत्तम. तिच्या वरच्या टोकाला हनुवटी वाचवणारी कापडाची घडी असावी. बटणे मोजू नयेत.

राहता राहिली किंमत आणि धुलाई. मेरिनोच्या चांगल्या पिशवीची किंमत शंभर पौंडांच्या घरात जाऊ शकते, तिचे रुपयांत रूपांतर आजी दुकानातच तोंडी करतात, आणि आकडा पाच अंकी निघाल्यावर "एवढ्यात तर" या शब्दांनी सुरू होणारे वाक्य पूर्ण होण्याची वाट न पाहता पैसे देऊन बाहेर पडणे श्रेयस्कर ठरते. एवढ्या मोलाची ही वस्तू ३० अंशांच्या पाण्यात, लोकरीच्या धुलाईक्रमावर आणि लोकरीसाठीच्या साबणाने धुवावी लागते, कारण नेहमीच्या अनेक साबणांतली प्रथिने पचवणारी विकरे लोकरीलाही प्रथिनच समजतात, आणि त्यांची ती समजूत बरोबर असते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात; उष्णता, पाणी आणि घुसळण तिन्ही एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात, कापड आक्रसून नमद्यासारखे घट्ट होते, आणि ही क्रिया उलट फिरवता येत नाही. खवल्यांवर प्रक्रिया केलेली, यंत्रात धुण्याजोगी लोकर मिळते, पण तिलाही ६० अंशांचे पाणी सोसतेच असे नाही. ज्या घरात लाळेरी, पांढरे शर्ट आणि पिशवी एकाच फेरीत टाकण्याची पद्धत आहे, त्या घरात अठरा महिन्यांच्या बाळाची पिशवी तासाभरात बाहुलीच्या मापाची होऊन निघते. त्यातून वाचलेली पिशवी उन्हाळ्यात कपाटात ठेवली तर कसर लागते. त्यावर आजीने आणलेल्या सामानातल्या वेखंडाची पुरचुंडी ठेवणे हा घरात सर्वानुमते मंजूर होणारा पहिलाच ठराव ठरू शकतो.

सारांश काढण्याची गरज नाही, पण निवाडा देणे आवश्यक आहे. खोली १६ ते २० अंशांत राखता येत असेल तर अडीच टॉगची किंवा तेवढ्याच उबेची मेरिनोची पिशवी, आजच्या वजनाची, बसत्या गळ्याची आणि दुहेरी चेनची घ्यावी, टोपडी व कुंची बारशाच्या फोटोंसाठी राखून ठेवावी, आणि दुसरी पिशवी उसनी तरी मिळवावी, कारण पहिली नेहमी वाळत असते. मात्र घरात कपड्यांचे यंत्र लावण्याचे काम जावईबापूंकडे असेल, तर मुकाट्याने सुती घ्यावी.