कॅबचा हॉर्न

"वहिनी, चमचाभर विरजण आहे का? आमचं मांजरानं उपडं केलं."

"देते. पण काय हो, पाचची कॅब काल सहाला वाजली! मिहीरची शिफ्ट बदलली?"

"शिफ्ट कुठली, घड्याळ बदललं. नोव्हेंबरात अमेरिकेनं काटे मागे घेतले की आमचा स्वयंपाक तासभर पुढे सरकतो. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजले की इथे साडेसहा व्हायचे, आता साडेसात."

"म्हणजे पंचांग दात्यांचं आणि घड्याळ न्यूयॉर्कचं!"

"हसा. पण हा वरचा मजला त्याच घड्याळानं चढवलाय हो. ह्यांच्या पगारात पत्राच राहिला असता. 1999 साली भावजींना ते दोन हजार सालाचं काम मिळालं ना? कम्प्युटरला 00 म्हणजे 1900 की 2000 कळेना, तिकडे माणसं पुरेनात. तेव्हापासून आमच्याकडे डॉलरचा भाव दुधाच्या भावाआधी विचारतात."

"आणि पोराची झोप? पहिल्या आंघोळीला उटणं लावलंत तेही झोपेतच."

"ते आहेच. डोळ्यांखाली बघवत नाही."

"आणि तुमची भाची? फोनवर सँड्रा व्हायची ती?"

"तिचं काम मनिलाला गेलं, झाली की बारा-तेरा वर्षं. फिलिपिन्सच्या मुलींचे उच्चार अमेरिकन कानांना जवळचे म्हणे. जाण्याआधी तिथल्या पोरीला शिकवलं कुणी? हिनंच!"

"बाई! आपल्या पाटावर आपल्याच हातानं दुसरीला बसवायचं?"

"ऑर्लँडोत डिस्नेनं वेगळं काय केलं? 2015च्या सुरुवातीला कम्प्युटरवाले अडीचशेएक जण घरी पाठवले, त्याआधी नव्या माणसांना शिकवायला बसवलं. नवी माणसं बहुतेक आपलीच."

"तेव्हा कुणाला कळवळा नव्हता आला."

"कसला कळवळा! भाच्याचा व्हिसा झाला म्हणून त्याच सुमाराला पेढे वाटले मी. तुम्हीही खाल्लेत, दोन. पुढे 2025च्या सप्टेंबरात त्याच व्हिसाच्या नव्या अर्जाला लाख डॉलर लावले."

"मग माणूस नेण्यापेक्षा काम इथे धाडणंच स्वस्त की!"

"मिहीर हेच म्हणतो. पण इथलंही उद्या कुठे जाईल, सांगता येत नाही. परवा त्यालाच कुणाला तरी काम समजावून द्यायला सांगितलंय. कुणाला, ते विचारलं तर गप्प."

"वहिनी…"

"थांबा, उठला वाटतं. चहा टाकते."

"दुपारी तीनला?"

"त्याची सकाळ ना ती!"

"अहो, विरजण तरी न्या!"