दोन अवतरणचिन्हं वाचवणाऱ्यास



जुनी फोल्डरं साफ करणारी तुमची बॅश स्क्रिप्ट आता माझ्या गळ्यात आहे. ती वाचल्यावर तुम्हाला चारचौघांत विचारावंसं वाटलं: समोरच्यानं जे टाइप केलं, ते जसंच्या तसं पुढे द्यायला तुमचं काय जात होतं?

लेखा विभागातल्या बाईंनी "मार्च हिशोब जुना" असं फोल्डरचं नाव दिलं, तेही अवतरणात घालून. शेलनं ते एकच अर्ग्युमेंट म्हणून तुमच्या हाती सोपवलं. तुम्ही पुढे नुसतं $* लिहिलंत आणि स्पेस दिसेल तिथे नावाचे तुकडे पडले. शेजारीच 'मार्च' नावाचं चालू फोल्डर होतं, ते गेलं. 'हिशोब' आणि 'जुना' नावाचं काहीच नव्हतं, पण सक्तीचा पर्याय लावलेला असल्यामुळे पुसणाऱ्या आरएमनं चकार शब्द काढला नाही. जे पुसायचं होतं ते जागच्या जागी राहिलं. बॅकअप आदल्या रात्रीचा, म्हणजे दिवसभराच्या नोंदी बाईंनी पुन्हा भरायच्या. वर त्यांनाच तुमचा सवाल: "नावात स्पेस कशाला देता?"

का देऊ नये? "$@" लिहिलं असतंत तर जितकी अर्ग्युमेंट्स आली तितकीच, जशी आली तशीच पुढे गेली असती. अवतरणांशिवायचं $@ हे $* सारखंच तुटतं, आणि "$*" सगळ्यांची एकच मोट बांधतं. बॅशच्या मॅन्युअलात हे लिहिलेलं आहे. शेलचेक एकदा चालवलं असतंत, तर त्यानं नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं असतं.

पण मला खरी चीड आली ती तुमच्या केस-स्टेटमेंटमधल्या '-*) शिफ्ट' या ओळीची. अनोळखी पर्याय आला की मुकाट्यानं गिळायचा! बाईंनी आधी '--ड्राय-रन' दिलं होतं, फक्त त्यात एक अक्षर चुकलं. तुमच्या स्क्रिप्टनं ते गिळलं आणि खरोखर पुसायला घेतलं. गेटऑप्ट्सला लांब पर्याय कळत नाहीत, म्हणून हातानं लूप लिहिलंत, ते ठीक. मग अनोळखी पर्यायाला थांबवणं, वापर कसा करायचा ते छापणं आणि शून्येतर कोडनं बाहेर पडणं हेही तुमचंच काम होतं.

नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरनं लोकांच्या डिस्कांवरचा डेटा पुसला होता. डिस्कच्या नावात स्पेस, आणि पुसण्याच्या ओळीत $२ ला अवतरणचिन्हं नाहीत, एवढंच कारण. घाईघाईनं २.०.१ काढावी लागली. ही गोष्ट शेल लिहिणाऱ्या माणसाच्या कानावर कधीच आली नसेल, हे मला पटत नाही.

तुमच्या स्क्रिप्टमधली पुसण्याची ओळ मी आता 'आरएम -आरएफ -- "$@"' अशी केली आहे. मधल्या दोन आडव्या रेघा हायफननं सुरू होणाऱ्या नावांसाठी आहेत.

तुमच्या बाकीच्या स्क्रिप्ट कुठल्या सर्व्हरवर, कुठल्या फोल्डरात आहेत, ते कळवा. ज्या सापडल्या, त्या मी क्रॉनमधून काढून ठेवल्या आहेत.

तुमच्यामागे हे सांभाळणारा