आभाळाला लावलेला गळ

मे महिन्यात आर्णीच्या पुलावरून अरुणावती पाहावी. पारा ४५ला टेकलेला आणि पात्रात पाण्यापेक्षा गोटे जास्त. अशा नदीकाठी राहून मला मासे धरायचा नाद लागला, याचं घरात कुणालाच कौतुक नाही.

आमचा हंगाम पंचांगावर चालतो. मिरग लागला की आधी नक्षत्राचं वाहन पाहायचं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की गळाला तेल लावायचं. या वाहनांत गाढवाला जागा आहे, कोल्ह्याला आहे, पण ज्याचा पाण्याशी सगळ्यात जवळचा संबंध त्या माशाला नाही. पंचांगकर्त्यांपैकी कुणी तरी गळ टाकून रिकाम्या हाताने परतलं असणार.

माझा भाचा स्कॉटलंडमध्ये असतो. तिथे तो छातीपर्यंत रबरी विजार चढवून, पौंडात पैसे मोजून सालमन आणि सी-ट्राउट धरायला नदीत उभा राहतो. मला वाटायचं, तिकडे बारमाही नद्या, काय मजा असेल! तर त्याची नदीही पावसावरच चालणारी निघाली. पाऊस नसला की समुद्रातून आलेले मासे मुखाशी खोळंबतात. पूर आला की वर चढतात. मग पाणी ओसरून चहाच्या रंगाचं झालं की थोडाच वेळ खरी संधी. त्यामुळे हा गडी रात्री उठून मोबाईलवर ढग बघतो. एवढ्यासाठी इतक्या दूर जायची काय गरज होती? सरकी टोबून बसलेला आमचा प्रत्येक माणूस जूनमध्ये हेच करतो, तेही बिनपरवान्याने.

आमच्याकडेही पहिल्या लोंढ्यात चढणीचे मासे नाल्यांत शिरतात आणि शेताच्या बांधापर्यंत येतात. गळाचं काम मात्र उतरत्या पाण्यावर. मरळ, शिंगटा, नशीब असलं तर वाम. एकदा मी घड्याळ पाहत बसलो, तर घाटावरचे भोईमामा म्हणाले, "गुरुजी, मासा का शायेतलं पोट्टं हाय, घंटी वाजली का आत याले?"

सालमनची आणखी एक तऱ्हा आहे. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही. तरीही गळाला लावलेली पिसांची खोटी माशी तोंडात धरतो. का, यावर तिकडे पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहे. रागाने, जुन्या सवयीने, की नुसत्या कुतूहलाने? आमच्या आईने तो वाद क्षणात मिटवला. "चतुर्थीच्या दिवशी तू शेंगदाण्याच्या डब्यात हात घालतोस, तो काय भुकेने?"

सी-ट्राउट आणि नदीतला तपकिरी ट्राउट ही एकच जात. काही घरीच राहतात, काही समुद्रात जातात. गेलेले अंडी घालायला बहुधा जन्माच्या नदीतच परततात. हे ऐकलं आणि माझ्या बहिणीने फोन हिसकावून भाच्याला तिकिटाचं विचारलं.

आमचं पाणीही समुद्रालाच जातं. अरुणावतीचं पैनगंगेत, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. तिकडून हिलसा पुराच्या पाण्यात गोदावरीत चढतो. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात आणि मंगळसूत्र विकावं पण तो खावा, अशी तिथे म्हण आहे. पण इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटनने १८५२ मध्ये धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा पुरा केला आणि या माशाची वाट अडली. अलीकडे त्याच नदीवर मेडिगड्डाचा बॅरेजही उभा राहिला. आर्णीतली मंगळसूत्रं तेवढी वाचली.

परवा भाच्याने फोटो पाठवला. हातात चांगला दांडगा सी-ट्राउट, चेहऱ्यावर बोर्डात आल्याचा आनंद. मी तो भोईमामांना दाखवला आणि सांगितलं, की फोटो काढून त्याने मासा पाण्यात सोडून दिला.

"सोडला? मंग धरला कायले?"

"तिकडे बहुतेक जण असंच करतात."

मामांनी बिडी पेटवली. "हे तं आमी बी सांगतो, गुरुजी. मोठा होता, धरला होता, सोडून देल्ला. पन आमची घरवाली मानत नाही. तुमच्या भाच्याची कशी मानते?"

"त्याच्याकडे फोटो असतो ना."

मामा जरा वेळ मोबाईलकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हा फोटो माह्या पोराच्या मोबाईलवर धाडा बरं. मानूस कापून, नुसता मासा."