दादा, चालंना!

"दादा, प्रोग्राम चालंना!"

नांदेडच्या विष्णुपुरीत म्हणा, लातूरच्या कुठल्याही लॅबमध्ये म्हणा, मदतीची सुरुवात इथूनच होते. "काय दाखवायलंय?" असं विचारावं, तर उत्तर येतं, "काय माहीत, लाल काहीतरी येतंय."

ते लाल काहीतरी म्हणजेच उत्तर असतं.

पायथन चुकीवर गप्प बसत नाही. कुठली फाईल, कितवी ओळ, कसली चूक, सगळं लिहून देते. मुख्य वाक्य तळाशी असतं, म्हणून वाचायचं खालून वर. २०२१ साली आलेल्या ३.१० आवृत्तीपासून तर 'इथे कोलन हवा होता', 'तुम्हाला हे नाव म्हणायचं होतं का' इथपर्यंत सांगते. एवढं समजावणारा मास्तर दुसऱ्या कुठल्या विषयात मिळाला? आणि नेमकं त्याचंच आपण ऐकत नाही.

मग फोटो येतो. मोबाईलवर काढलेला, तिरका, ट्यूबलाईटची चमक पडलेला. वरच्या सगळ्या ओळी दिसतात, तळाची एकच कापली जाते.

दोष एकट्या विचारणाऱ्याचा नाही. मदत करणारा काय करतो? "सरक बाजूला," म्हणतो, कीबोर्ड ओढतो, चार कळा दाबतो. "झालं बघ." झालं खरं. पण कुणाचं?

पुढच्या आठवड्यात तोच मुलगा, तीच चूक, तोच दादा.

आपल्याकडे इर्जिक होती. एकाची नांगरट अडली की गावातली बैलं-औतं त्याच्या रानात गोळा व्हायची, दिवसात काम उरकायचं आणि मग सगळ्यांची पंगत बसायची. पण ज्याचं रान, तो बांधावर बसून राहत नव्हता.

अडचणी तरी कुठे जगावेगळ्या असतात? दोन दिवसांची सोयाबीनची आवक मिळवायची आहे. काल ४० पोती, आज २५ पोती. उत्तर येतं ४०२५. कारण इनपुटमधून येतो तो मजकूर, आकडा नव्हे. आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकाला एक चिकटवणं. लातूरच्या मोंढ्यात हा हिशेब कुणी क्षणभर तरी खपवून घेईल? लॅबमध्ये तासभर खपतो.

दुसऱ्याने स्वतःच्या फाईलचं नाव ठेवलं 'रँडम' आणि आत रँडम हेच मॉड्यूल मागवलं. पायथन आधी शेजारचीच फाईल उचलते, म्हणजे फाईल स्वतःलाच हाक मारत बसते. नाव बदललं की प्रश्न मिटतो. का मिटला, हे एकदा कळलं तर जन्मभर पुरतं. पण "नाव बदल" एवढं सांगून दादा चहाला निघून जातो.

तिसऱ्याच्या हातात सीनियरच्या सीनियरने काढलेल्या नोट्सची झेरॉक्स. त्यात प्रिंटपुढे कंस नाहीत. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. झेरॉक्स अजून फिरते आहे.

आणि 'एवढंही येईना का?' हे वाक्य लॅबमधून आधी हद्दपार करा. ते एकदा ऐकलेली मुलगी पुन्हा विचारत नाही. तिची चूक तशीच राहते आणि आपण म्हणतो, तिला अडचणच नव्हती.

या झाल्या जगभरच्या चुका. त्यांची उत्तरंही जगभर सापडतात. आपल्या लिपीच्या अडचणी मात्र आपल्याच वाट्याला येतात. त्या सोडवायला बाहेरून कोण येणार?

'लातूर' या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोर सांगेल, तीन. पायथन सांगते, पाच. काना आणि उकार ती वेगळे मोजते. 'नांदेड' तर सहा भरतं. रकान्याला मोजून दहा जागा ठेवल्या की मराठी नाव मध्येच तुटतं, ते या मोजणीमुळे.

शब्द उलटा करून दाखवा, हा जर्नलमधला नेहमीचा प्रयोग. 'लातूर' उलटा केला की 'रतूला' यायला हवं. येतं 'रूताल'. पुढचा प्रयोग, दोन्हीकडून सारखा वाचला जाणारा शब्द ओळखा. 'कडक' पास होतो, 'डालडा' नापास! उलटताना शेवटचा काना सुटतो आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतो. मुलगा तासभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधतो. कोड बरोबर असतो. मोजण्याचं एकक चुकलेलं असतं.

हजेरीपट लावून बघा. युनिकोडमध्ये ळ बसला आहे ल आणि व यांच्या मध्ये. अंकलिपीत तो ह नंतर येतो. नुसतं सॉर्ट केलं की काळे आधी आणि कावळे नंतर. मराठी क्रमाने हे उलट हवं. किती जणांच्या हे लक्षात येतं?

देवनागरीत '४३१६०१' लिहा. पायथन त्याचा आकडा करून देते. जावास्क्रिप्ट म्हणते, हा आकडाच नाही. तपासणी जावास्क्रिप्टने होत असेल तर नांदेडचा पिनकोड चुकीचा ठरतो. चूक नांदेडची?

मराठी नावांची सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडली की अनेकदा नावांच्या जागी किडेमुंग्या दिसतात. फाईल लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' ठेवलं की नावं नीट उमटतात. एका शब्दाचं औषध. ते माहीत नाही म्हणून अख्खी यादी पुन्हा टाईप करत बसायचं?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं. पायथनची १.० आवृत्ती आली त्याच वर्षीच्या जानेवारीत. दोघं एका वयाची. तीन दशकं उलटली. या अडचणी मराठीत लिहून ठेवलेली एक वही किती लॅबमध्ये सापडेल?

"आता यंत्रच कोड लिहून देतं, वही कशाला?" असं म्हणणाऱ्याने तोंडी परीक्षा आठवावी. बाहेरून आलेला परीक्षक एका ओळीवर बोट ठेवतो, "ही कशासाठी?" तिथे यंत्राला विचारता येत नाही.

लातूर पॅटर्नने महाराष्ट्राला सराव शिकवला. चुकलेला प्रश्न बाजूला काढायचा, पुन्हा सोडवायचा. बारावीच्या मुलाने चूक वहीत लिहिली तर तो अभ्यासू. प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिली तर वेळ वाया?

शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींनो, हे काम तुमचं आहे. पुढचा ज्युनियर "चालंना" म्हणत आला की कीबोर्डला हात लावू नका. त्याला तळाची ओळ मोठ्याने वाचायला लावा, अर्थ त्यालाच मराठीत सांगू द्या, अडला तर तेवढंच सांगा. आणि लॅबच्या दाराशी दोनशे पानी वही टांगा. डाव्या पानावर संगणकाने दाखवलेली चूक जशीच्या तशी, उजव्या पानावर तिचं कारण, ज्याची चूक त्याच्याच अक्षरात.

पहिली नोंद डालडाची करा.